गावात निवडून येणारा माणूस लोकसभेला का पडतो?

नगरपरिषदेत दोन-तीन वेळा निवडून आलेला एखादा नगरसेवक लोकसभेचा अर्ज भरतो, निकालाच्या दिवशी त्याचे डिपॉझिट जप्त होते आणि पाच वर्षांनी तोच माणूस पुन्हा अर्ज भरायला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढतो, हे दृश्य आपल्याकडे नवे नाही. गावातले लोक त्याला हौशी म्हणतात, काहीजण त्याच्यामागे कोणाचा तरी पैसा असल्याची कुजबुज करतात आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या मतांच्या आकड्यावर चहाच्या टपरीवर हशा पिकतो. मला हे हसणे खटकते, कारण ज्या माणसाला गावाने विश्वासाने निवडून दिले तोच माणूस जिल्ह्यात नाकारला जातो यामागे ठोस कारणे आहेत आणि त्यांतली बहुतेक कारणे त्याच्या कर्तृत्वाशी संबंधित नाहीत. ती गणिताची, कायद्याची आणि मतदारसंघाच्या आखणीची आहेत.

आधी गणित पाहू. लहान नगरपरिषदेच्या एका प्रभागात साधारण दोन-अडीच हजार मतदार असतात. एवढ्या मतदारांना नगरसेवक नावानिशी ओळखू शकतो. कोणाच्या घरी नळाला पाणी येत नाही, कोणाच्या मुलाचा दाखला अडला आहे, कोणाच्या गल्लीतला दिवा बंद आहे, हे त्याला तोंडपाठ असते. लग्नाला, बाराव्याला, दवाखान्यात आणि पोलीस चौकीत तो स्वतः हजर राहतो. त्याचे मत या हजेरीतून तयार होते. मतदार त्याला मत देतो तेव्हा पक्षाला किंवा विचाराला देतोच असे नाही, तर रात्री अकरा वाजता फोन उचलणाऱ्या माणसाला देतो.

महाराष्ट्रात लोकसभेचे ४८ मतदारसंघ आहेत आणि २०२४ मध्ये राज्यात सुमारे ९ कोटी ३० लाख मतदार होते. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी एकोणीस लाखांहून अधिक मतदार येतात. विधानसभेचे सहा मतदारसंघ मिळून लोकसभेचा एक होतो आणि त्यात सुमारे दोन हजार मतदान केंद्रे असतात. आता कायद्याने दिलेला वेळ पाहा. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत किमान चौदा दिवसांचे अंतर असावे लागते आणि मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. म्हणजे हाती बारा-तेरा दिवस उरतात. प्रत्येक बूथच्या हद्दीत फक्त एकदा पाय ठेवायचा म्हटले, तरी दिवसाला दीडशेहून अधिक ठिकाणी जावे लागेल. हे कोणत्याही माणसाला शक्य नाही. गावात ज्या हजेरीच्या जोरावर तो निवडून येतो, ती हजेरी एवढ्या मोठ्या क्षेत्रावर पसरवताच येत नाही, आणि तिथे तिची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी लागते. ती जागा पक्ष भरतो. पक्षाचे चिन्ह आधीपासून लोकांच्या डोळ्यांत बसलेले असते, त्याचे आमदार आणि जिल्हा परिषद सदस्य आपापल्या भागात उमेदवाराच्या वतीने हजेरी लावतात आणि प्रत्येक बूथवर बसायला त्याच्याकडे माणूस असतो.

हा बूथवरचा माणूस फार महत्त्वाचा असतो. मतदान प्रतिनिधी, म्हणजे आपण ज्याला पोलिंग एजंट म्हणतो तो, सकाळच्या अभिरूप मतदानापासून, म्हणजे यंत्र तपासायला घेतलेल्या चाचणी मतदानापासून, यंत्र सील होईपर्यंत केंद्रात बसतो, मतदार ओळखतो, हरकत घेतो आणि शेवटी नोंदवलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत घेऊन बाहेर पडतो. दोन हजार केंद्रांवर दोन हजार माणसे बसवायची आणि त्यांच्या चहा-जेवणावर माणशी दोनशे रुपये धरायचे, तर एका दिवसाचा हा एकच खर्च चार लाखांवर जातो. नगरसेवकाकडे अशी भरवशाची माणसे पन्नास असतात, फार तर शंभर.

चिन्हाचा प्रश्न याहून अवघड आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला चिन्ह पहिल्या दिवसापासून माहीत असते, परंतु अपक्षाला ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर, मुक्त चिन्हांच्या यादीतून मिळते. म्हणजे स्वतःची ओळख आणि चिन्हाची ओळख ही दोन्ही कामे त्याला त्याच बारा-तेरा दिवसांत उरकावी लागतात. मतदान यंत्रावर नावांचा क्रमही ठरलेला असतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमे लावतात. एका यंत्रावर सोळा बटणे असतात, त्यामुळे उमेदवार जास्त असले की अपक्षाचे नाव दुसऱ्या किंवा तिसऱ्या यंत्रावर जाते.

चिन्हाची ताकद किती असते हे २०२४ मध्ये आपल्याच राज्यात दिसले. साताऱ्यात पिपाणीचे चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मते पडली आणि उदयनराजे भोसले यांचा विजय ३२,७७१ मतांनी झाला. पराभूत पक्षाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस असे होते. दिंडोरीत तर पिपाणीच्या अपक्षाला लाखाहून अधिक मते मिळाली आणि त्याचे आडनावही विजयी उमेदवाराप्रमाणे भगरे होते. ही सगळी मते चुकून पडली असे ठामपणे म्हणता येत नाही. तरीही जो माणूस वर्षानुवर्षे पाण्यासाठी मोर्चे काढतो त्याला पाच हजार मते मिळतात आणि चिन्हाच्या साधर्म्यावर एखाद्याला लाखभर मिळतात, या वस्तुस्थितीने स्थानिक कार्यकर्त्याचे मन किती खचत असेल याचा विचार आपण करायला हवा.

आता अनामत रक्कम, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. लोकसभेसाठी खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला २५,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५०० रुपये भरावे लागतात. पडलेल्या उमेदवाराला ती परत मिळायची असेल, तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळावी लागतात. ‘नोटा’ची मते या हिशेबात धरत नाहीत. एक षष्ठांश म्हणजे थोडीशी मते, असे ऐकताना वाटते. प्रत्यक्षात बारा लाख मतदान झाले तर हा आकडा दोन लाख होतो. राजू शेट्टी यांचे उदाहरण घ्या. शिरोळ तालुक्यातून जिल्हा परिषद, २००४ मध्ये विधानसभा आणि २००९ मध्ये हातकणंगल्यातून लोकसभा अशी पायरी पायरीने चढलेली ही वाटचाल आहे आणि २०१४ मध्येही ते निवडून आले. ऊस उत्पादकांची चळवळ पाठीशी असल्यामुळे गावोगावी त्यांची माणसे होती. त्याच शेट्टी यांना २०२४ मध्ये सुमारे १ लाख ८० हजार मते मिळाली, ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले आणि एवढ्या मतांनीही अनामत वाचली नाही. डिपॉझिट गेले म्हणजे माणसाला कोणी विचारत नाही, हा निष्कर्ष किती घाईचा आहे ते यावरून कळावे.

देशाचे आकडे याहून कठोर आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ३,९२१ अपक्ष उभे होते. त्यांतले ७ निवडून आले आणि ३,९०५ जणांची अनामत जप्त झाली. म्हणजे निवडून आलेले धरून फक्त सोळा जणांचे पैसे वाचले. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ३७ अपक्ष निवडून आले होते आणि १९५७ मध्ये ४२. तेव्हा पक्षांची यंत्रणा गावपातळीपर्यंत एवढी घट्ट झालेली नव्हती आणि तालुक्यातल्या प्रतिष्ठित माणसाचा शब्द दूरवर चालत असे.

मतदारसंघाच्या आखणीचा परिणाम समजून घ्यायचा असेल, तर बेळगावइतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीने बेळगावच्या महानगरपालिकेत अनेक वर्षे सत्ता राखली, तिचे महापौर झाले, बेळगाव आणि खानापूर भागातून तिचे आमदार कर्नाटकच्या विधानसभेत गेले. २०१३ मध्येही तिचे दोन आमदार होते. असे असूनही बेळगाव लोकसभा मतदारसंघातून समितीचा उमेदवार एकदाही खासदार झाला नाही. समितीचे काम कमी पडले, लोकांची निष्ठा आटली, अंतर्गत फूट पडली, ही कारणे नेहमी सांगितली जातात आणि त्यांत तथ्यही असेल. पण आधी नकाशा पाहावा. बेळगाव लोकसभेत विधानसभेचे आठ मतदारसंघ येतात. त्यांपैकी बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण आणि बेळगाव ग्रामीण या तिघांत मराठी मतदार मोठ्या संख्येने आहेत. उरलेले पाच, म्हणजे अरभावी, गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती आणि रामदुर्ग, हे कन्नड भाषकांचे बहुमत असलेले भाग आहेत. दुसरीकडे मराठीबहुल खानापूर बेळगावला लागून असले तरी लोकसभेसाठी ते उत्तर कन्नड मतदारसंघात मोडते आणि निपाणी चिक्कोडी मतदारसंघात. एका भागातली मते अशी तीन मतदारसंघांत विभागली गेल्यावर प्रत्येक ठिकाणी ती कमीच पडतात. शहरातल्या प्रभागात जी संख्या बहुमत असते, तीच संख्या लोकसभेच्या हिशेबात अल्पमत होते, आणि उमेदवार बदलून किंवा प्रचार वाढवून हे अंतर भरून निघत नाही.

२०२१ ची पोटनिवडणूक या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. केंद्रीय मंत्री सुरेश अंगडी यांच्या निधनामुळे ती झाली. समितीने शुभम शेळके या तरुण कार्यकर्त्याला उभे केले आणि त्यांना सुमारे १ लाख १७ हजार मते मिळाली. दहा लाखांच्या आसपास मतदान झालेले असल्यामुळे एक षष्ठांशाची अट पूर्ण झाली नाही. पण त्याच निवडणुकीत मंगला अंगडी यांचा विजय केवळ ५,२४० मतांनी झाला. दोन्ही मोठ्या पक्षांमधले अंतर पाच हजारांचे असताना तिसऱ्याच्या मागे लाखाहून अधिक मतदार उभे असतील, तर त्या मतांना वजन नाही असे कोण म्हणेल? निकालपत्रात तो पराभव असतो, परंतु राजकीय व्यवहारात त्याची दखल दोन्ही पक्षांना घ्यावी लागते.

वारंवार उभे राहण्यामागे काय असते, या प्रश्नाचे एक उत्तर इथे मिळते. निवडून येणे हा उमेदवारीचा एकच हेतू नसतो. १९९६ मध्ये सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी बेळगावात साडेचारशेहून अधिक उमेदवार उभे राहिले होते. त्याच वर्षी फ्लोराइडच्या पाण्याने हाडे वाकलेल्या लोकांचा प्रश्न मांडण्यासाठी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील नलगोंड्यात ४८० उमेदवार होते, आणि तमिळनाडूतील मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार झाल्यामुळे मतपत्रिका पुस्तिकेसारखी छापावी लागली. २०१९ मध्ये निजामाबादला १८५ उमेदवार होते आणि त्यांतले १७८ शेतकरी होते. हळदीला भाव आणि हळद मंडळ ही त्यांची मागणी होती. सांगलीच्या हळद बाजाराशी ज्यांचा संबंध येतो त्यांना या मागणीची निकड वेगळी सांगायला नको. ते सगळे पडले. हळद मंडळाची घोषणा २०२३ मध्ये झाली.

दुसरे उत्तर कांशीराम यांनी दिले. पुण्यात संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत नोकरी करताना बाबासाहेबांच्या जयंतीच्या सुटीवरून झालेल्या संघर्षातून त्यांचे सार्वजनिक जीवन सुरू झाले, म्हणून मराठी वाचकाला ते परके नाहीत. १९८४ मध्ये ते जांजगीरला पडले, १९८८ च्या पोटनिवडणुकीत अलाहाबादला विश्वनाथ प्रताप सिंह यांच्यासमोर पडले, १९८९ मध्ये अमेठीत राजीव गांधी यांच्यासमोर पडले आणि १९९१ मध्ये इटाव्यातून खासदार झाले. पहिली निवडणूक पडण्यासाठी, दुसरी पाडण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी लढायची, हे त्यांच्या नावावर प्रसिद्ध असलेले सूत्र आहे. प्रत्येक पराभवात त्यांनी मते मोजली, ती कोणत्या वस्तीतून आली ते पाहिले आणि तिथे संघटना बांधली. गावच्या नगरसेवकाला हे सूत्र पाठ असते. मात्र दोन निवडणुकांच्या मधली पाच वर्षे दुसऱ्या तालुक्यात घालवायला लागणारा पैसा आणि माणसे त्याच्याकडे नसतात, आणि म्हणून त्याची दुसरी निवडणूकही पहिल्यासारखीच होते.

काहींची निष्ठा निवडणुकीत भाग घेण्याच्या हक्कावरच असते. तमिळनाडूतील मेट्टूर या गावात टायर दुरुस्तीचे दुकान चालवणारे के. पद्मराजन १९८८ पासून निवडणुका लढवत आहेत आणि २०२४ पर्यंत ते २३८ वेळा हरले होते. नरसिंह राव, वाजपेयी, मनमोहन सिंग, मोदी अशा नेत्यांसमोर त्यांनी अर्ज भरले. त्यांची सर्वांत चांगली कामगिरी त्यांच्या स्वतःच्या गावची आहे. २०११ मध्ये मेट्टूर विधानसभेत त्यांना ६,२७३ मते मिळाली. ओळखीची मते ओळखीच्या परिघातच मिळतात हा मुद्दा त्यांच्या एवढ्या मोठ्या अनुभवातूनही दिसतो. बरेलीचे कापड व्यापारी काका जोगिंदर सिंग ‘धरतीपकड’ यांनी तीनशेहून अधिक निवडणुका लढवल्या आणि १९९२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना १,१३५ मतमूल्य मिळाले. आज तसा अर्ज भरायचा तर ५० निर्वाचक, म्हणजे मताचा हक्क असलेले खासदार-आमदार, सूचक म्हणून आणि ५० अनुमोदक म्हणून लागतात, म्हणजे तो दरवाजा सामान्य माणसाला बंदच आहे.

उमेदवारीचा जो भाग लोकांना दिसत नाही तो खर्चाच्या नोंदवहीत असतो. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते. अर्ज स्वीकारल्यावर उमेदवाराला एक वही मिळते. तिच्या पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख रकमेचा हिशेब आणि पिवळ्या पानांवर बँकेचा हिशेब लिहायचा असतो. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, ध्वनिक्षेपक, रिक्षा या प्रत्येकाचा दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या दरपत्रकात ठरलेला असतो आणि प्रत्यक्षात चहा कार्यकर्त्याच्या घरून आला तरी तो मांडावा लागतो. खर्चाची कमाल मर्यादा ९५ लाख रुपये आहे, म्हणून मोठ्या पक्षाच्या उमेदवाराकडे ही वही सांभाळायला हिशेबनीस असतो. आमचा नगरसेवक मात्र दिवसभर प्रचार करून रात्री स्वयंपाकघरात बसून पावत्या लावतो आणि त्याची बायको किंवा मुलगी बेरीज तपासते. प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षकापुढे ही वही तीन वेळा तपासणीसाठी न्यावी लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब सादर करावा लागतो. योग्य कारणाशिवाय तो दिला नाही, तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पराभवाने खचलेला माणूस या तीस दिवसांत घराबाहेर पडत नाही आणि इथेच अनेकांचे पुढचे मार्ग बंद होतात. पुन्हा उभे राहण्याचा विचार असणाऱ्याने निकालानंतर पहिले काम हेच करावे.

कायद्याचा कल गेल्या तीस वर्षांत अपक्षांना दूर ठेवण्याचा राहिला आहे. १९९६ पर्यंत लोकसभेची अनामत ५०० रुपये होती आणि त्या वर्षी देशभरात १३,९५२ उमेदवार उभे होते. मग ती १०,००० करण्यात आली, अपक्षाला मतदारसंघातले दहा सूचक आणण्याची अट घातली गेली आणि १९९८ मध्ये उमेदवार ४,७५० वर आले. पुढे अनामत २५,००० झाली. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात तर अपक्षांना निवडणूक लढवण्यास मनाईच करावी अशी शिफारस केली. शेकडो नावांची मतपत्रिका मतदाराला गोंधळात टाकते आणि नामसाधर्म्याचे उमेदवार मुद्दाम उभे केले जातात, ही आयोगासमोरची चिंता खरी आहे. पण मनाईला माझा विरोध आहे. ज्या गावाचा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात बसत नाही, त्या गावाने काय करायचे? नलगोंड्याच्या लोकांना पक्ष काढायला सांगायचे काय? दहा सूचकांची अट पुरेशी आहे आणि चिन्हांच्या यादीतून सारखी दिसणारी चिन्हे काढून टाकली, तर गोंधळ बराच कमी होईल.

महाराष्ट्रात अपक्ष म्हणून जिंकलेल्यांकडे पाहिले की स्थानिक नेत्याला नेमके काय कमी पडते ते कळते. २००९ मध्ये कोल्हापुरातून जिंकलेले सदाशिवराव मंडलिक आधी पक्षाचे खासदार होते. २०१९ मध्ये अमरावतीत नवनीत राणा यांना काँग्रेस आणि राष्ट्रवादीचा पाठिंबा होता. २०२४ मध्ये सांगलीत विशाल पाटील लाखभर मतांच्या फरकाने निवडून आले, ते वसंतदादांचे नातू आहेत आणि उमेदवारी नाकारली गेल्यावरही काँग्रेसचे कार्यकर्ते गावोगावी त्यांच्यामागे उभे राहिले. तिघांचेही चिन्ह अपक्षाचे होते, परंतु दोन हजार बूथवर बसणारी माणसे त्यांच्याकडे आधीच होती.

तुमच्या गावचा जो माणूस तीनदा पडला आहे, त्याच्या निकालाचा नमुना २० राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली ते दिलेले असते. त्याच्या प्रभागाच्या केंद्रांवर बोट ठेवा आणि मग पाच-पाच किलोमीटरने बाहेर सरकत जा. तिसऱ्या-चौथ्या पानावर, जिथे त्याचे कोणी नातेवाईक नाहीत आणि त्याची एकही सभा झालेली नाही अशा एखाद्या केंद्रासमोर दोन आकडी संख्या दिसली, तर तिथे कोण राहते याची चौकशी त्याने अजून केलेली आहे का, एवढे त्याला विचारा.